इटालियन भाषेचा इतिहास शिकायचाय. लॅटिनपासून सुरुवात करू का?

कसबा_मोडी:

नमस्कार मंडळी,

गेली एकोणीस वर्षं मी पुण्यात मोडी कागद वाचून द्यायचं काम करते. जुनी खरेदीखतं, महजर (म्हणजे गावकऱ्यांच्या साक्षींसकट लिहिलेले निवाडे), वाटणीपत्रं, वंशावळी. माणसं पिशवीत घडी घातलेले कागद घेऊन येतात, मी ते देवनागरीत उतरवून, सही-शिक्का करून देते. कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाल्यापासून तर दुपारचं जेवण चार वाजता होतं. त्यामुळे स्वतःसाठी वेळ उरतो तो पहाटेचा, सहा ते सात. या तासात गेली दोन वर्षं मी इटालियन शिकते आहे.

इटालियनच का, तर मनुचीमुळे. १६६५ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस होता आणि तिथे त्याची शिवाजी महाराजांशी गाठ पडली, हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्याने आपला ग्रंथ एका भाषेत लिहिलेलाच नाही. काही भाग इटालियनमध्ये, काही पोर्तुगीजमध्ये, काही फ्रेंचमध्ये. नावसुद्धा तसंच आहे, 'स्तोरिया दो मोगोर'. त्यातलं 'स्तोरिया' इटालियन आणि 'दो मोगोर' पोर्तुगीज. पोरवयात घर सोडलेला आणि उभा जन्म हिंदुस्थानात काढलेला माणूस, त्याची भाषा अशीच होणार. मी रोज जे कागद वाचते त्यात मराठी वाक्यात फारसी शब्द आणि मध्येच एखादं कानडी गावनाव असतं, म्हणून हा माणूस मला एकदम ओळखीचा वाटला. त्याचं इटालियन मुळातून वाचावं म्हणून डेक्कनवर शनिवार-रविवारचा वर्ग लावला.

आता वर्तमानपत्र बऱ्यापैकी वाचता येतं, पण डोक्यातले प्रश्न वाढत चाललेत. अंडं म्हणजे 'उओवो', ते पुल्लिंगी. अंडी म्हणजे 'उओवा', ती स्त्रीलिंगी. एकाच अंड्याचं लिंग संख्येप्रमाणे का बदलावं? समोरच्याला आदराने 'लेई' म्हणायचं. 'लेई'चा अर्थ 'ती'. मिशीवाल्या पोस्टमास्तरांनाही 'ती'? आणि ही जोडाक्षरं, सेत्ते, ओत्तो, नोत्ते, लात्ते, ही कुठून आली? वर्गात विचारलं की 'भाषा तशीच आहे, पाठ करा' असं उत्तर येतं. शिकवणाऱ्यांना परीक्षेचा अभ्यासक्रम संपवायचा असतो, ते मी समजू शकते. पण मोडीतही एखादं अक्षर असं का वळतं हे कळल्याशिवाय माझा हात बसला नव्हता. इथेही तसंच होतंय.

तर विचारायचं आहे ते हे. भाषेचा इतिहास शिकायचा तर आधी लॅटिन पुरं करावं लागेल का? माझं संस्कृत अकरावी-बारावीपुरतं आहे, प्राकृत अजिबात नाही. वय चौपन्न. हाताशी रोजचा एक तास. कुठून सुरुवात करावी?


वारजे_७१:

ताई, मी इटालियनचा जाणकार नाही, पण सगळीकडे वाचलंय की दान्तेने इटालियन घडवली. तेव्हा सरळ 'दिव्य कॉमेडी'ला हात घालावा. भाषांतर शेजारी ठेवून रोज तीन-तीन ओळी. आपण ज्ञानेश्वरी तशीच वाचतो ना? लॅटिनचं नंतर बघता येईल. धागा वाचत राहीन.


गाथावाचक:

कसबा_मोडी ताई, प्रश्न फार आवडला. तीस वर्षं कॉलेजात अर्धमागधी शिकवली आणि त्याआधी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकताना रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या भाषांचा अभ्यास करावा लागला होता, त्या जोरावर लिहितो.

वारजेकरांची सूचना मनापासूनची आहे, पण दान्तेपासून सुरुवात करू नका. दान्ते वारला १३२१ मध्ये. तोवर या भाषेचा जन्म होऊन काही शतकं लोटली होती. तुमचे अंड्याचा आणि जोडाक्षरांचा हे दोन प्रश्न त्या आधीच्या काळातले आहेत आणि त्यांची निम्मी उत्तरं तुमच्या तोंडात आहेत.

जोडाक्षरांपासून सुरू करू. कागद घ्या आणि हे लिहून काढा. संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. अष्ट, अट्ठ, आठ. भक्त, भत्त, भात. दुग्ध, दुद्ध, दूध. रात्रि, रत्ति, रात. त्याच्या शेजारी हे लिहा. लॅटिन सेप्तेम, इटालियन सेत्ते. ओक्तो, ओत्तो. नोक्तेम, नोत्ते. लाक्तेम, लात्ते. आता पहिल्या रांगेतला मधला शब्द आणि दुसऱ्या रांगेतला शेवटचा शब्द एकदा मोठ्याने म्हणा. सत्त, सेत्ते. अट्ठ, ओत्तो. दोन्हीकडे घडलंय ते एकच. दोन वेगळ्या जागची व्यंजनं लागोपाठ आली की जीभ पहिल्यावर रेंगाळत नाही, दुसऱ्याच्या तयारीला लागते आणि पहिलं दुसऱ्यासारखं होऊन जातं. मराठी त्याच्या पुढे एक पायरी गेली. तिने दोनातलं एक व्यंजन टाकलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला, सत्तचा सात केला. इटालियन मधल्या पायरीवरच थांबली. पंजाबीही तिथेच थांबली, ते लोक आजही सत्त, अट्ठ, हत्थ म्हणतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे, प्राकृत कानाला कशी लागत असेल ते ऐकायचं तर इटालियन माणसाला अंक मोजायला लावा.

इथे एक गल्लत टाळा. इटालियनने हे आपल्याकडून घेतलं नाही, आपणही तिच्याकडून नाही. सप्त आणि सेप्तेम ही चुलत भावंडं आहेत, पण त्यांचं सत्त आणि सेत्ते होणं दोन्ही घरांत स्वतंत्रपणे झालं. भावंडांमधलं साम्य मात्र एका इटालियन माणसाच्या कानाने फार लवकर टिपलं होतं. फिलिप्पो सास्सेत्ती, फ्लॉरेन्सचा व्यापारी. १५८३ ते १५८८ अशी त्याची अखेरची वर्षं कोचीन-गोव्यात गेली आणि गोव्यातच तो वारला. घरी पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं की इथल्या पंडितांच्या भाषेतले सहा ते नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आमच्या शब्दांसारखे आहेत. कलकत्त्यात विल्यम जोन्सचं संस्कृत-लॅटिनचं नातं सांगणारं सुप्रसिद्ध व्याख्यान झालं ते १७८६ मध्ये, म्हणजे याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

आता लॅटिन किती हवं ते सांगतो. पाची प्रकारची विभक्तिरूपं पाठ करण्यात वर्ष घालवू नका. दोन गोष्टी पुरतात. इटालियन नाम बहुतेक वेळा लॅटिनच्या द्वितीयेच्या रूपातून आलंय. प्रथमेचं 'नोक्स' नाही, द्वितीयेचं 'नोक्तेम', त्यातला शेवटचा म गळून गेला. दुसरी गोष्ट, शब्दातला जोर कुठल्या स्वरावर पडायचा ते बघा. जोराचा स्वर टिकतो, बिनजोराचा झिजतो. हे पटवून घ्यायला पुस्तकसुद्धा नको, एक यादी पुरे. कुणा अनामिक शिक्षकाने २२७ शब्दांची शुद्ध-अशुद्धाची यादी करून ठेवली आहे, अभ्यासक तिला 'आप्पेन्दिक्स प्रोबी' म्हणतात. तिचा नमुना असा: स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको. ओकुलुस म्हणा, ओक्लुस नको. वेतुलुस म्हणा, वेक्लुस नको. कालिदा म्हणा, काल्दा नको. आणि आजचं इटालियन काय म्हणतं? आरसा स्पेक्कियो, डोळा ओक्कियो, म्हातारा वेक्कियो, गरम काल्दा. शिक्षकाने ज्याच्यावर फुली मारली तेच पुढे भाषा झालं. आपल्या शाळेतल्या शुद्धलेखनाच्या वह्या कुणी हजार वर्षं जपल्या तर उद्याची मराठी त्यात अशीच सापडेल. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो.

अंड्याचं कोडं तर मराठी माणसाला लगेच सुटायला हवं. लॅटिनमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं होती. ओवुम हे नपुंसकलिंगी, अनेकवचन ओवा. पुढे नपुंसकलिंग मोडलं, जसं हिंदीत मोडलं. एकवचनाची बहुतेक नामं पुल्लिंगात गेली. पण अनेकवचनाच्या शेवटी 'आ' होता आणि 'आ' म्हणजे स्त्रीलिंग असं लोकांच्या कानात बसलेलं, त्यामुळे काही शब्दांची अनेकवचनं तिकडे गेली. ब्राच्चो म्हणजे हात, ब्राच्चा म्हणजे हात अनेक, तेही असंच. हिंदीभाषकाला हे समजावताना घाम फुटतो, मराठी माणूस 'ते अंडं' म्हणतच मोठा झालेला असतो.

शेवटचा मुद्दा तत्सम-तद्भवाचा. आपल्याकडे क्षेत्रही आहे आणि शेतही आहे, कर्मही आहे आणि कामही. त्यांच्याकडे लॅटिन 'काउसा' झिजून 'कोसा' झाला, म्हणजे वस्तू, गोष्ट. आणि विद्वानांनी पुस्तकातून पुन्हा उचललेला 'काउसा' तसाच राहिला, म्हणजे कारण, खटला. अशा जोड्यांची वही करा. रोजच्या एका तासात महिन्याभरात शंभर होतील आणि भाषेचा अर्धा इतिहास त्यातच आहे.

पुस्तक एकच सांगतो, मिल्योरिनी यांचा इटालियन भाषेचा इतिहास. इंग्रजीत त्याची संक्षिप्त आवृत्ती आहे. मूळ पुस्तक १९६० मध्ये मुद्दाम आलं, कारण इटालियनचं पहिलं मानलं जातं त्या ९६० सालच्या एका वाक्याला तेव्हा हजार वर्षं पूर्ण होत होती. ते वाक्य आहे जमिनीच्या दाव्यातलं. मोडी कागद वाचणाऱ्या बाईंनी सुरुवात करावी तर तिथूनच.


कुडाळकर_बाणेर:

गाथावाचक सरांनी पाया घालून दिला, मी फक्त 'लेई'चं आणि बोलींचं सांगतो. कामानिमित्त तीन वर्षं नेपल्समध्ये राहिलो, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. घरी आम्ही मालवणी बोलतो, ते इथे महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो.

'लेई'चं कोडं मला माझ्या आजीमुळे सुटलं. ती आजोबांबद्दल म्हणायची, 'स्वारी आली वाटतं'. आजोबा पुल्लिंगी, स्वारी स्त्रीलिंगी, क्रियापद स्वारीप्रमाणे. इटलीत हेच झालं. मोठ्या माणसाला 'वोस्त्रा सिन्योरिया', म्हणजे 'आपली सरकारस्वारी' असं म्हणायची चाल पडली. हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्याचं सर्वनाम 'ती'. पुढे सरकारस्वारी गेली आणि सर्वनाम तेवढं उरलं. तुमच्या पोस्टमास्तरांना 'ती' म्हणतात ते यामुळे. दक्षिणेत मात्र आदरार्थी 'वोई'च जास्त ऐकलं, थेट आपल्या 'तुम्ही'सारखं. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये 'लेई' परकं आणि बुळचट ठरवून सगळ्या सरकारी माणसांना 'वोई' सक्तीचं केलं होतं. उत्तरेकडच्या घरांत ते रुजलं नाही.

आमच्या घरमालकीण बाई माझ्याशी शाळेतलं इटालियन बोलायच्या, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून. बहिणीचा फोन आला की आवाजच बदलायचा. ते नेपल्सचं बोलणं पहिले सहा महिने मला एक अक्षर कळलं नाही. 'मला नाही माहीत' याला पुस्तकातलं इटालियन 'नोन लो सो'. बाई फोनवर म्हणायच्या 'नुन ओ साच्चो'. मी समजत होतो की ही बिघडलेली इटालियन आहे. एके दिवशी त्यांना तसं बोललोही. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, आमची भाषा कशातूनही बिघडलेली नाही, ती लॅटिनमधून आली, तुझ्या पुस्तकातल्या भाषेइतकीच जुनी आहे. मला मालवणीबद्दल पुण्यात पहिल्या वर्षी जे ऐकावं लागलं होतं तेच मी त्यांना ऐकवलं होतं. त्याची खंत अजून वाटते.

आणि त्या शंभर टक्के बरोबर होत्या. आजची प्रमाण इटालियन ही चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सची भाषा, तीही मुख्यतः पुस्तकांतून उचललेली. हे ठरवलं कुणी? पिएत्रो बेम्बो या व्हेनिसच्या माणसाने, १५२५ मध्ये. पद्य लिहायचं तर पेत्रार्कासारखं, गद्य लिहायचं तर बोक्काच्चोसारखं. दोघांना जाऊन तेव्हा दीडशे वर्षं झालेली. दान्तेची भाषा त्याला खडबडीत वाटायची. वारजेकर, म्हणून 'दान्तेने घडवली' हे तितकंसं सरळ नाही. नंतर १५८३ मध्ये फ्लॉरेन्सला क्रूस्का अकादमी निघाली. क्रूस्का म्हणजे कोंडा. पीठ घ्यायचं, कोंडा चाळून टाकायचा, हे त्यांचं काम आणि चाळणीचं यंत्र हे त्यांचं चिन्ह. त्यांचा कोश १६१२ मध्ये आला.

पुढची तीनशे वर्षं ही भाषा लिहिणाऱ्यांचीच राहिली. मान्झोनी हा कादंबरीकार मिलानचा. त्याची कादंबरी १८२७ मध्ये छापून पूर्ण झाली, पण भाषा पुस्तकी वाटली म्हणून तो त्याच वर्षी फ्लॉरेन्सला जाऊन राहिला, तिथली जिवंत बोली ऐकली आणि अख्खी कादंबरी पुन्हा लिहून काढली. ती १८४० ते १८४२ मध्ये आली. त्याला ते 'आर्नो नदीत कपडे खळबळून घेणं' म्हणतात. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा किती लोकांना इटालियन बोलता येत होतं, याचा तुल्लिओ दे माउरो या भाषाभ्यासकांचा अंदाज आहे अडीच टक्के. कास्तेल्लानी नावाच्या अभ्यासकाने वेगळा हिशोब मांडून तो दहा टक्क्यांच्या आसपास नेला. दहा जरी धरले तरी शंभरातल्या नव्वदांना आपल्याच देशाची भाषा परकी होती! मग शाळा, सैन्यातली भरती, दक्षिणेतून उत्तरेकडे कारखान्यांत गेलेली माणसं, आणि १९५४ पासून टीव्ही. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक टीव्हीवरून प्रौढ निरक्षरांना लिहा-वाचायला शिकवायचे. आमच्या घरमालकीण बाईंच्या आई त्यांच्यासमोर वही घेऊन बसलेल्या.

आपल्याकडे उलटं झालं. मोल्सवर्थ-कँडीच्या काळात पुण्याची चालती-बोलती भाषा उचलून शाळेच्या पुस्तकांत घातली. कोकणाला आणि वऱ्हाडाला ती शिकावी लागली, पण निदान ती कुणाच्या तरी घरात बोलली जात होती. इटलीने मेलेल्या कवींची भाषा निवडली आणि जिवंत माणसांना ती शिकायला चारशे वर्षं लागली. ताई, मिल्योरिनीनंतर दे माउरो जरूर वाचा, नाहीतर भाषेचा इतिहास म्हणजे लेखकांचा इतिहास असं वाटत राहतं.


कसबा_मोडी:

गाथावाचक सर, कुडाळकर दादा, दोघांना नमस्कार. वारजेकर, तुमचंही ऐकणार आहे, दान्ते होईलच, पण थोडा थांबून.

गेले नऊ दिवस पहाटेचा तास ९६० च्या वाक्यावर गेला. सर, तुम्ही जमिनीचा दावा म्हणालात आणि मला राहवेना. वाक्य असं आहे, इथे वाचणाऱ्यांसाठी देवनागरीत देते:

साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फिनी के की कोन्तेने, त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ती बेनेदिक्ती.

मी ते असं उतरवलं: मला ठाऊक आहे की त्या जमिनी, यात लिहिलेल्या हद्दींप्रमाणे, तीस वर्षं संत बेनेडिक्टाच्या बाजूकडे वहिवाटीस होत्या.

वहिवाट! हा शब्द लिहिताना अंगावर काटा आला. मी आठवड्यातून चारदा तो लिहिते. आपल्याकडे आजच्या कायद्यात खासगी जमिनीवर बारा वर्षांच्या विरोधी ताब्याची गोष्ट येते, तिथे तीस वर्षं. प्रकरण समजून घेतलं ते असं. मोन्ते कास्सिनोचा संत बेनेडिक्टाचा मठ ८८३ मध्ये अरब हल्लेखोरांनी जाळला, साधू परागंदा झाले, मागे जमिनी इतरांच्या हातात गेल्या. पुढे आलिजेर्नो नावाच्या मठाधिपतीने मठ पुन्हा उभा केला. आता आक्विनोचा रोदेल्ग्रीमो म्हणतो, या जमिनी माझ्या वाडवडिलांच्या. कापुआला न्यायाधीश आरेकीसीसमोर दावा उभा राहिला. रोदेल्ग्रीमोकडे पुरावा नाही. मठाने तीन साक्षीदार आणले. एकेकाने पुढे यायचं, हद्दींचं टिपण एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताने त्याला स्पर्श करायचा आणि हे वाक्य म्हणायचं. आपल्याकडे बेलभंडार उचलून साक्ष देत, तीच रीत. सगळा निवाडा लॅटिनमध्ये, फक्त साक्ष बोलीत.

पण मला अडलं ते पुढे. तिन्ही साक्षीदार हेच वाक्य म्हणतात. अक्षरन् अक्षर तेच. मी असे महजर शेकड्याने वाचलेत. पाटील, चौगुला, महार, न्हावी, सगळे एकापाठोपाठ येतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं, वा, गावकरी बोलत होते ते ऐकायला मिळतंय. माझ्या गुरुजींनी एकदा अशाच एका वाक्यावर बोट ठेवून विचारलं होतं, 'हे न्हाव्याचं बोलणं आहे का?' नव्हतं. ते कारकुनाचं होतं. न्हाव्याने मान हलवली होती.

मग मला कुडाळकर दादांच्या घरमालकीण बाई आठवल्या. त्या 'मला ठाऊक आहे'ला 'साच्चो' म्हणतात. कापुआ तर नेपल्सच्या अगदी जवळ. तिथल्या माणसाने 'साच्चो' म्हणायला हवं. कागदात मात्र 'साओ' आहे. सर, माझा तर्क चुकत असेल तर सांगा. हे 'साओ' साक्षीदाराच्या तोंडचं नसावं. लिहिणाऱ्याने चार गावांत चालेल असं एक रूप धरलं असावं, जसं आमचे दफ्तरातले कारकून 'व्हतं' ऐकून 'होते' लिहायचे. तसं असेल तर इटालियनचं पहिलं वाक्य हे बोलणं कमी आणि बोलीला कागदावर कसं बसवायचं याची खटपट जास्त. ती 'क'ची अक्षरंही बघा. को, केल्ले, की. मूळ कागदात ती रोमन 'k' ने लिहिली आहेत. लॅटिनमध्ये हे अक्षर जवळजवळ वापरतच नव्हते, क ला 'c' लिहीत. बोलीतला कठोर क वाचणाऱ्याला स्पष्ट कळावा म्हणून त्याने ते शोधून काढलं. कुणीतरी मान खाली घालून, बोरू हातात घेऊन, हा उच्चार कसा लिहू म्हणून थांबलाय, हे मला त्या अक्षरात दिसतं.

आणि एक. सगळं वाक्य बोलीत असताना शेवटी 'सांक्ती बेनेदिक्ती' ही लॅटिनची षष्ठी का राहिली?


गाथावाचक:

ताई, तुमचा तर्क चुकलेला नाही. 'साओ' कापुआच्या बोलीतलं अपेक्षित रूप नाही आणि अभ्यासकांनी त्यावर बरीच शाई खर्च केली आहे. हे सूत्र न्यायालयात आधी ठरवून साक्षीदारांकडून वदवून घेतलं होतं, हे तर निवाड्यातच दिसतं. पण महजरातल्या न्हाव्याच्या बाजूने तिथे कुणी पोचलेलं मी वाचलं नव्हतं. हे तुमचं तुम्हीच कागदांवरून आणलंत.

षष्ठीचं उत्तरही तुमच्याच दफ्तरात आहे. 'बिन', 'मौजे', 'सुहूर सन' हे शब्द लिहिताना कारकून फारसी किंवा अरबी बोलत होता का? मठाचं कागदोपत्री नाव 'पार्स सांक्ती बेनेदिक्ती' होतं. 'पार्स'चं बोलीत 'पार्ते' केलं, संताचं नाव जसंच्या तसं राहू दिलं. सरकारी नावाला बोलीचं वळण द्यायला हात धजत नाही.

अशाच आणखी तीन कागदांत या साक्षी आहेत, सगळे ९६३ चे. एक सेस्साचा, दोन तेआनोचे. ते चारही शेजारी-शेजारी ठेवून बघा.


कुडाळकर_बाणेर:

घरमालकीण बाईंच्या मुलीला आज संध्याकाळी हे 'साओ' आणि 'साच्चो' ऐकवलं. म्हणाली, आई असती तर म्हणाली असती, कारकून उत्तरेकडचा असणार.


कसबा_मोडी:

सर, चारही उतरवून काढले. आज पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार कागद मांडून उभ्या-उभ्याच वाचले, चहा निवून गेला.

सेस्साच्या कागदातही 'साओ'च आहे, पण पुढचा शब्द 'को' नाही, 'क्को' आहे. 'साओ क्को केल्ले तेर्रे'. म्हणजे या कारकुनाला तिथलं दुहेरी व्यंजन ऐकू आलं आणि त्याने ते लिहिलं. कापुआच्या कारकुनाने एकतर ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मी सत्त आणि सेत्ते मोठ्याने म्हणत होते तेव्हा ही गोष्ट पुढे भेटेल असं वाटलं नव्हतं.

आणि तेआनोचे दोन कागद. एक जुलैचा, एक ऑक्टोबरचा. दोन्हींत वाक्याचा हा भाग जवळजवळ एकच: ती जमीन, मी दाखवलेल्या हद्दींप्रमाणे. पण जुलैच्या कागदात 'के बोबे मोस्त्राई' आहे, म्हणजे 'तुम्हाला दाखवली'. ऑक्टोबरच्या कागदात 'के तेबे मोस्त्राई', म्हणजे 'तुला दाखवली'. तीन महिन्यांत 'तुम्हाला'चं 'तुला' झालं. महजरात असा फरक दिसला की मी आधी बघते, समोर बसलेला माणूस बदलला का, की लिहिणारा बदलला. सर, या दोन्ही कागदांच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव कुठे वाचायला मिळेल?